बैलाला किंचित कमी

अहिंसा अणुव्रताचे पाच अतिचार, म्हणजे गृहस्थाच्या अहिंसाव्रतातले दोष, आम्हा जैनांत शाळकरी पोरालाही पाठ असतात. जिवाला बांधून ठेवणं, मारणं, त्याचा अवयव छेदणं, त्याच्यावर अतिभार लादणं आणि त्याचं अन्नपाणी तोडणं. तत्त्वार्थसूत्र या आमच्या ग्रंथाच्या सातव्या अध्यायात ते येतात. भाद्रपदात दशलक्षण पर्वाचे दिवस दहा, सूत्राचे अध्यायही दहा, म्हणून बस्तीत, म्हणजे आमच्या मंदिरात, रोज एक अध्याय वाचला जातो. सातवा व्रतांचा, त्यामुळे त्या दिवशी व्यापारी मंडळी जरा सावरून बसतात. पंडितजी मात्र त्यांना फार वेळ अवघडून ठेवत नाहीत. पाच अतिचार झरझर सांगून ते सत्याणुव्रताकडे वळतात. चौथ्यापाशी कुणी थांबलेलं मी पाहिलेलं नाही.

मला थांबावंसं वाटतं ते धंद्यामुळे. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी म्हणून माझी उमर गेली. पट्टीतून अडत, तोलाई, हमाली वजा करून खाली निव्वळ रक्कम काढायची, हे माझं काम. हमालीचा रकाना जितक्या वेळा भरला तितक्या वेळा मी णमोकार मंत्र तरी म्हटला असेन की नाही, शंका आहे. त्या रकान्यात रुपये असायचे. पाठीवर किती गेलं ते तोलाईच्या रकान्यात, आणि तिथेही ते हळदीचं वजन म्हणून.

अतिभाराचा अर्थ विचारला तर बहुतेक जण बैल म्हणतील. जुन्या गोष्टी बैलाच्याच आहेत. महाभारताच्या वनपर्वात कामधेनू सुरभी इंद्रापुढे रडते ती आपल्या दुबळ्या लेकरासाठी. नांगराला जुंपलेल्या त्या बैलाला धन्याचा मार सोसवत नसतो. इंद्र विचारतो, तुझी हजारो लेकरं असताना या एकासाठी का रडतेस? तिचं म्हणणं, सगळीच माझी, पण जो दुबळा त्याच्यासाठी जीव जास्त तुटतो. आता यार्डात बैलगाडी दिसत नाही. टेम्पो, ट्रक येतात. बैल गेला तसा अतिचारही गेला, असा आमच्या लोकांचा समज झालेला दिसतो. पण ट्रकच्या फाळक्यापासून थप्पीपर्यंतचं अंतर आहे तेवढंच राहिलं. ते माणूस चालतो.

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. दोघं जण पोत्याची टोकं धरून ते उचलतात, तिसरा वाकून पाठ पुढे करतो, ते त्याच्या मानेखाली टेकवलं जातं. तो सावरतो, हात मागे नेऊन पोत्याचे कान धरतो आणि चालू लागतो. थप्पी उंच झाली की फळीवरून चढायचं. वर उतरवताना खांदा आणि कमर एकाच वेळी पिळून पोतं अंगावरून सोडायचं. मी लागलो तेव्हा साखरेची, धान्याची क्विंटलची पोती सर्रास होती. शंभर किलो. माणूस साठ किलोचा, पोतं शंभराचं. आता पन्नासच्या आसपास आलंय, हळदीत त्याच्या थोडं वरही असतं.

श्रावकाचाराच्या, म्हणजे जैन गृहस्थाच्या आचाराच्या, जुन्या टीकांत या अतिचारावर थोडं पण नेमकं लिहिलेलं आहे. पहिलं मत असं की दुसऱ्याकडून ओझी वाहून घेऊन चालणारी उपजीविका श्रावकानं मुळात सोडावी. नसेल सोडवत, तर दोन पायांच्या जिवाला तेवढंच ओझं द्यावं जेवढं तो स्वतः उचलू शकतो आणि स्वतः उतरवू शकतो. चार पायांच्या जिवाला जेवढं योग्य असेल त्याहून किंचित कमी द्यावं. नांगर-गाड्याला जुंपलेल्याला वेळेवर सोडावं.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी चष्मा काढून पुसला. स्वतः उचलेल आणि स्वतः उतरवेल! क्विंटलचं पोतं एकट्यानं उचलून पाठीवर घेणारा हमाल अख्ख्या यार्डात नव्हता. म्हणूनच तर दोघं उचलून द्यायला लागायचे. म्हणजे आमच्या गोदामात चढलेलं जवळजवळ प्रत्येक पोतं, शास्त्राच्या साध्या कसोटीला, अतिभार होतं. आणि ते चढवून घेणारी मंडळी पाणी गाळून पिणारी, सूर्यास्ताआधी जेवणारी.

पण मला खरं अडकवलं ते पुढच्या वाक्यानं. बैलाला किंचित कमी का? माणसाला का नाही?

माझ्या समजुतीनं उत्तर असं आहे. बैल बोलत नाही. त्याला झेपतंय की नाही हे बाहेरून अंदाजानं ठरवायचं, अंदाज चुकू शकतो, म्हणून चुकीची जागा सोडून थोडं कमी घालायचं. माणूस बोलतो. नाही झेपलं तर म्हणेल, नाही उचललं तर राहील. त्याच्याबाबतीत त्याचीच साक्ष पुरे. टीकाकारांनी माणसाच्या जिभेवर विश्वास टाकला. तो विश्वास मला चुकीचा वाटतो, आणि या लेखात मला एवढंच सांगायचं आहे.

आमच्या हमालांच्या टोळीचे मुकादम होते, त्यांना सगळे मामा म्हणायचे. माळकरी माणूस, दरवर्षी वारी. एकनाथांच्या घरी देव श्रीखंड्या होऊन कावडीनं पाणी वाहायचा, ही कथा ते फार रंगवून सांगत. कावडीतल्या घागरी केवढ्या होत्या, हे मात्र त्या कथेत कुणी सांगत नाही. मी एकदा विचारलं, "मामा, जड जात नाही?"

"जड असतंयच की, दिवाणजी. ओझं हाय ते."

"मग सांगत का नाही?"

"कुणाला सांगू? आणि काय सांगू? कालच्याला उचललंच की. आज नाही उचललं तर पोतं जड झालं का मी म्हातारा झालो?"

हे त्यांचं वाक्य मला पुढे भलत्याच ठिकाणी भेटलं. मुंबईत आमच्या नातेवाइकांच्या शेजारी एक बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू, गृहस्थ राहायचे. कोकणी वळणाचं मराठी बोलायचे आणि त्यांच्या धर्मग्रंथांत त्यांना चांगली गती होती. मी अतिभाराचा विषय काढला तेव्हा त्यांनी ताल्मुदातली चर्चा सांगितली. बाबा मेत्सिया या प्रकरणात भाड्यानं घेतलेल्या जनावरावर आणि माणसावर ठरल्याहून जास्त लादलं तर भरपाई कोणी द्यायची याचा खल आहे. हमालाच्या बाबतीत माप म्हणजे एक कव, धान्याचं एक छोटं माप. तेवढं जरी ठरल्याहून वर चढवलं आणि त्याला इजा झाली तर चढवणारा जबाबदार. त्यावर तिथलाच कुणी शंका काढतो: हमाल काही गाढव नाही, त्याला अक्कल आहे, जड झालं तर टाकून का दिलं नाही? तीन पंडित तीन उत्तरं देतात. एक म्हणतो, ओझ्यानं तो तिथल्या तिथेच चिरडला, टाकायला वेळच मिळाला नाही. दुसरा म्हणतो, इथं इजेचा नाही, जादा मजुरीचा प्रश्न आहे. तिसरे राव आशी. ते म्हणतात, त्याला वाटलं असेल की आज आपल्यालाच अशक्तपणा आलाय.

दीड हजार वर्षांपूर्वी बाबिलोनच्या मुलखात बसून त्यांनी मामांच्या मनातलं ओळखलं. ओझं वाहणारा ओझ्याला दोष देत नाही, तो स्वतःच्या अंगाला देतो. सांगली-कोल्हापूरकडे तर त्याला तालमीची आणखी जोड. नाही म्हणणं म्हणजे मर्दानगीला बट्टा.

बरं, लाज बाजूला ठेवून त्यानं अगदी प्रामाणिकपणे अंगाला विचारलं, तरी अंग खरं सांगतं का? मिरजेत माझी भाची फिजिओथेरपिस्ट आहे. मिरजेला दवाखान्यांची कमी नाही आणि दवाखान्यांना आमच्या यार्डातल्या रोग्यांची. तिनं मला कमरेच्या मणक्याचं प्लास्टिकचं मॉडेल हातात देऊन समजावलं. दोन मणक्यांच्या मधे चकती असते. मोठ्या माणसात तिच्या आतल्या भागात रक्तवाहिन्या नाहीत, मज्जातंतू नाहीत. तंतू आहेत ते बाहेरच्या कडेला. चकतीला लागणारं पोषण वरच्या-खालच्या मणक्याच्या पातळ थरातून झिरपत येतं. रोजच्या दाबानं त्या थराला बारीक भेगा पडतात, आत हळूहळू झीज होते, आणि आत सांगणारं कुणी नसल्यामुळे बातमी बाहेर येत नाही. कड फाटून आतला गर पायाच्या नसेवर आला की मग कळ येते, तीही ढुंगणातून पोटरीत. तोवर वर्षं गेलेली असतात. माणसाला वाटतं, परवा वाकलो तेव्हा चमक भरली. परवाचा दोष त्यात फार थोडा असतो.

म्हणजे ज्या साक्षीवर टीकाकारांनी भिस्त ठेवली, ती साक्ष द्यायची सोयच देहात नाही. मणक्यापुरता माणूसही मुकाच आहे. बैलाला दिलेलं ते "किंचित कमी" त्यालाही लागू व्हायला हवं, आणि किती कमी हे बाहेरून, आकड्यात ठरायला हवं.

आकडे आहेत. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं 1967 साली शिफारस केली की प्रौढ पुरुषाचं कमाल ओझं कुठं 55 किलोच्या वर असेल तर ते 55 वर आणावं. आपल्याकडे बांधकाम मजुरांच्या 1998च्या केंद्रीय नियमांतही तेच आहे: पुरुष 55, स्त्री 30. महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला 1969 साली. नोंदणी, मजुरी, भविष्यनिधी असं पुष्कळ त्यानं दिलं, आणि त्यामागे माथाडींचे नेते अण्णासाहेब पाटलांची आयुष्यभराची झुंज होती. पुण्यात नाना पेठेत दवाखाना चालवणारे डॉ. बाबा आढाव हमाल पंचायत या हमालांच्या संघटनेकडे वळले. डॉक्टरानं हमालांचा पुढारी व्हावं यात मला काही नवल वाटत नाही.

पण 55 हा आकडा कशाचा आहे ते एकदा नीट बघावं. ओझी वाहणाऱ्या जनावरांसाठी भारत सरकारचे 1965चे क्रूरता प्रतिबंधक नियम आहेत. त्यांत पाठीवरच्या ओझ्याची यादी दिली आहे. लहान बैल 100 किलो, तट्टू 70, खेचर 200, उंट 250. आणि गाढव 50. पुढे असंही म्हटलंय की दिवसाला नऊ तासांवर काम घेऊ नये, पाच तासांच्या वर सलग घेऊ नये, आणि जिथं पारा 37 अंशांच्या वर जातो तिथं दुपारी बारा ते तीन जनावर जुंपू नये. एप्रिलात सांगलीचा पारा पुष्कळ दिवस 37च्या वर असतो. हळदीचा हंगामही तेव्हाच जोरात असतो. यापुढे काही लिहायची गरज नाही, पण दिवाणजीची खोड म्हणून फरक मांडतो: गाढवाहून माणूस पाच किलो जास्त.

अमेरिकेत नायोश नावाची सरकारी संस्था आहे. 1991 साली त्यांनी वजन उचलण्याचं एक सूत्र सुधारून मांडलं. भाचीनं ते दाखवलं तेव्हा माझं मन एकदम रमलं, कारण ती हुबेहूब आमची पट्टी होती. वर ढोबळ रक्कम, मग एकेक वजावट, खाली निव्वळ. ढोबळ रक्कम 23 किलो. म्हणजे सगळं अनुकूल असताना, ओझं अंगालगत, कमरेच्या जरा खाली, पकड चांगली, अंग न पिळता, अधूनमधून उचलायचं असताना. आता आमचं पोतं त्या पट्टीत घालू. अंगापासून 40 सेंटीमीटर पुढे आहे, 14.4 उरले. जमिनीवरून उचलायचंय, 11.1. दीड मीटर वर खांद्यापर्यंत न्यायचंय, 9.5. मिनिटाला एक, आणि दिवसभर, 7.1. मधे लोंबणारं पोतं, धरायला मूठ नाही, 6.4. निव्वळ सहा किलो चारशे ग्रॅम. कमरेत वळला तर आणखी खाली. त्यांची मूळ अट अशी की कमरेच्या चकतीवर 3400 न्यूटनच्या वर, म्हणजे साधारण साडेतीनशे किलोच्या वर, दाब पडू नये.

हे सूत्र दोन हातांनी उचलण्याचं आहे. पाठीवर घेऊन चालणं त्यात बसत नाही, तेव्हा 6.4 हा हमालाच्या खेपेचा आकडा म्हणून कुणी माझ्या अंगावर फेकू नये. ज्या दोघांनी पोतं उचलून दिलं त्यांचा हिशोब मात्र त्यात आहे, त्या दोघांत वजन वाटून घेतलं तरी.

यार्डात हे सांगितलं की एक ठरलेलं उत्तर मिळतं: ज्याचं त्याचं कर्म. हे उत्तर देणारा जैन असला तर मी तत्त्वार्थसूत्राच्या सहाव्या अध्यायाकडे बोट दाखवतो. दुःख, शोक, ताप हे स्वतःत निर्माण केले, दुसऱ्यात केले किंवा दोघांत केले, तर असाता वेदनीय, म्हणजे दुःख भोगायला लावणाऱ्या, कर्माचा बंध होतो, असं तिथं सांगितलंय. हमालाचं कर्म काय असेल ते असो. पोतं भरणाऱ्याचा बंध त्यानं चुकत नाही. शास्त्र भोगणाऱ्याचं पूर्वसंचित सांगतं, ते लादणाऱ्याला माफी म्हणून नव्हे.

जरा हुशार असेल तो दुसरा मुद्दा काढतो. मग मुनी उपास करतात, केशलोच करतात म्हणजे हातानं केस उपटतात, तेही स्वतःला दुःख देणंच ना? ही शंका पूज्यपादांनी सर्वार्थसिद्धी या तत्त्वार्थसूत्रावरच्या टीकेत स्वतःच घेतली आहे. वैद्य गळू कापतो तेव्हा रोग्याला दुखतं, पण वैद्याला पाप लागत नाही, कारण आत कषाय, म्हणजे क्रोध-लोभासारखा विकार, नाही, असं त्यांचं उत्तर. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. तपालाही आपल्याकडे शक्तीचं माप आहे. सोळा भावनांमध्ये त्यागाला आणि तपाला, दोन्हींना, "शक्तीप्रमाणे" ही अट जोडलेली आहे. आणि मोठा उपास करणारा ते माप एकटा ठरवत नाही. तो महाराजांपुढे जाऊन नियम मागतो, महाराज त्याची प्रकृती बघतात, कधी नको म्हणतात. मोक्षासाठी स्वखुशीनं उपाशी राहणाऱ्यालाही बाहेरचं कुणी थांबवू शकतं. मजुरीसाठी वाकणाऱ्याला "तुला झेपतं ना, मग झालं" म्हणून सोडून देतात.

आमच्या धर्माला आकड्यांचं वावडं नाही, उलट व्यसन आहे. एकेंद्रियापासून पंचेंद्रियापर्यंत जिवांचे भेद मोजलेत, कर्मांच्या प्रकृती मोजल्यात. गृहस्थाच्या व्रतांत तर माप हाच गाभा आहे. परिग्रह परिमाण म्हणजे सोनं इतकं, जमीन इतकी, याच्या वर ठेवणार नाही. दिग्व्रत म्हणजे अमुक दिशेला इतक्या योजनांपलीकडे जाणार नाही. माझ्या आजोबांनी कृष्णेपलीकडे व्यापार न करण्याचा नियम घेतला होता आणि तो पाळला. मग भार परिमाण का नसावं? माझ्या पेढीवर इतक्या किलोच्या वरचं पोतं चढणार नाही, हा नियम घ्यायला कुठल्या शास्त्राची आडकाठी आहे?

व्यवहाराची आडकाठी आहे, असं शेठ लोक म्हणतात. पोती ठरलेल्या मापाची येतात, आम्ही काय करणार. पण माप हलत नाही हे खरं नाही. युरियाची गोणी 2018 साली 50 वरून 45 किलोवर आली. हमालांसाठी नव्हे, शेतकरी गोण्या मोजून खत टाकतो, गोणी लहान झाली की युरिया कमी टाकेल, म्हणून. आमच्याच यार्डात बेदाणा 15 किलोच्या बॉक्समध्ये येतो, कारण बेदाण्याला जपावं लागतं. युरोपात सिमेंटची पिशवी साधारण 25 किलोची असते, आपल्याकडे 50ची. सिमेंट तेच, घर तेच.

खरी अडचण मामांनी सांगितली होती, शेठनं नाही. "पोतं निम्मं केलं तर खेपा दुप्पट, दिवाणजी. दर पोत्याला दिला तर शेठ तोही निम्मा करणार." हे खोटं नाही. नायोशच्या पट्टीतही खेपांची वजावट आहेच. नुसतं पोतं हलकं करून भागत नाही. ढकलगाडी लागते, गोदामाची फरशी गाडी चालेल अशी लागते, थप्पीची उंची कमी लागते, टोळीत दोन माणसं वाढवावी लागतात, आणि दर असा लागतो की जपून काम करणाऱ्याचं घर चालावं. नियम घ्यायचा तर हे सगळं त्यात येतं. पाणी गाळणं सोपं, फडकं लागतं फक्त.

आणि नेमका लादणारा कोण, हाही प्रश्न उरतो. शेतकरी म्हणतो, मी भरलं पण उचलायला व्यापाऱ्यानं लावलं. व्यापारी म्हणतो, माल बाहेरच्या खरेदीदाराला पाहिजे तसा. खरेदीदार सांगलीत कधी येतही नाही. याला आमच्याकडे तयार उत्तर आहे: कृत, कारित, अनुमोदना. केलं, करवलं, किंवा होतंय त्याला मान डोलवली, तिन्हीचा बंध. हळद खाणारा कोण, याचा शोध मग फार लांब घ्यावा लागत नाही.

गेल्या दिवाळीनंतर एका अडतदाराकडे बसलो होतो. वयानं माझ्यापेक्षा लहान, मला काका म्हणतो. हे सगळं त्याला ऐकवलं. गाढवाचा आकडा ऐकून तो हसला, मग हसायचा थांबला. म्हणाला, "काका, नियम घेतो मी. पण आकडा सांगा."

मी पंचवीस म्हटलं.

"पंचवीसचं पोतं शिवून घेतलं तर बारदानाचाच खर्च दुप्पट. चाळीस करा."

"चाळीसला नियम कशाला घ्यायचा? पन्नासच ठेव."

"पस्तीस. आणि दोन गाड्या घेतो, रबरी चाकाच्या."

गाड्या त्यानं घेतल्या. आकड्यावर तो आता तिसावर आलाय, मी पंचवीस सोडलेले नाहीत, आणि दर पोत्यावर द्यायचा की क्विंटलवर, यावर टोळीच्या नव्या मुकादमाशी बोलणं अजून व्हायचंय.